मधली चार घरे

रविवार, १२ जानेवारी २०२५. रुपये ३५० फक्त, रोख. पावती छबूबाई लहामगे, राजूर, यांच्या नावाने.

संगमनेरच्या एका मंगल कार्यालयात आमच्या बुद्धिबळ मंडळाची वार्षिक खुली स्पर्धा होती. मंडळाचा खजिनदार म्हणून दारातल्या टेबलावर मी पावत्या फाडत होतो. बहुतेक खेळाडू शाळकरी, सोबत आईवडील. त्या रांगेत पुरुषी स्वेटर घातलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आली. मी सवयीने विचारले, "नातवाचं नाव सांगा."

"नातू न्हाई खेळत. मीच खेळते."

"वय?"

"तिरेसष्ट. चालतं का?"

"खुली स्पर्धा आहे. कोणीही चालतं."

"मग भाऊसाहेब, एक सांगा. सहा डावांत तीन गुण झाले की कागद मिळतो, ते खरं हाय ना?"

ते खरे होते, आणि ते माझ्याइतके कोणाला माहीत असणार? नियम मीच लिहिला होता. मंडळातर्फे प्रशिक्षकाचे पत्र हवे असेल, तर खुल्या स्पर्धेत सहा फेऱ्यांत किमान तीन गुण. जिंकल्यास एक, बरोबरीस अर्धा. कोणीही ओळखीवर पत्र नेऊ नये म्हणून २०१९ साली मी हा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला.

छबूबाईंना ते पत्र का हवे होते, ते त्यांनी रांग अडवून तिथेच सांगितले. राजूरला मुलींचे एक वसतिगृह आहे. तिथे त्या चार वर्षे दर रविवारी मुलींना बुद्धिबळ शिकवत होत्या, फुकट. आता वरून पत्र आले होते की बाहेरची कोणतीही व्यक्ती प्रमाणपत्राशिवाय आत शिकवायला येणार नाही. अधीक्षिका राजेश्वरी मॅडमनी त्यांना जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली होती. कागद आणला तर रविवार चालू, नाहीतर बंद.

"पोरी एकोणीस हायेत," त्या म्हणाल्या. "दोन तर मला हरवत्यात."

मागचा एक पालक म्हणाला, "मावशी, पुढं सरका की." त्या पुढे सरकल्या आणि मी पुढची पावती लिहायला घेतली.

पहिल्या फेरीत मी सहज त्यांच्या पटापाशी जाऊन उभा राहिलो, आणि तिथून माझे कुतूहल सुरू झाले ते अजून पुरते संपलेले नाही.

बुद्धिबळाच्या पटाच्या मधोमध चार घरे असतात. नवीन मुलाला आपण पहिली गोष्ट सांगतो ती हीच, की ही घरे धर. मध्यात बसलेला घोडा आठ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यातला फक्त दोन घरांवर. ज्याच्याकडे मधला भाग, त्याची मोहरी इकडून तिकडे लवकर जातात, दुसऱ्याला वळसा पडतो. म्हणून राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे पुढे टाकायचे. अर्ध्याहून अधिक मुले पहिली चाल हीच करतात.

छबूबाईंनी राजापुढचे प्यादे एकच घर सरकवले. मग वजिरापुढचे एकच घर. मग घोड्यापुढचे, तेही एकच. मधली चारही घरे त्यांनी समोरच्या सातवीतल्या मुलीला मोकळी सोडून दिली. मला वाटले, बाईंना प्यादे दोन घरे जाते हेच माहीत नसावे.

दहाव्या चालीला त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे उडवून कोपऱ्याकडे ठेवला. मुलीने हात वर केला. पंच भीमराज सर आले. हे आमच्याकडचे व्यायाम शिक्षक, शिस्तीचे.

"आजी, राजा असा उडी मारत नाही."

"एकदाच मारतो की. शह बसायच्या आधी."

"नाही. कधीच नाही."

"आमच्या दादांनी तर..." चुकीच्या चालीचा दंड म्हणून सरांनी मुलीच्या घड्याळात एक मिनिट वाढवले. राजाला हात लागला होता म्हणून राजाच हलवावा लागला, आणि तो डाव गेला.

मला उलगडा झाला. बाई देशी बुद्धिबळ शिकलेल्या होत्या. आमच्या आजोबांच्या वेळी सगळीकडे तेच चाले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणे, त्यात नाही. मी स्वतः तसा डाव लहानपणी एकदोनदा पाहिला असेल. आज खेळणारे कोणी उरले असेल असे वाटले नव्हते.

दुसरा डाव त्यांनी जिंकला. तिसरा बरोबरीत सुटला. माझ्या टेबलावर हिशेबाचे काम पडले होते, पण दर फेरीला मी उठून त्यांच्या पटाकडे जात होतो. दर वेळी तेच. समोरचा मध्ये येऊन ऐसपैस बसायचा. त्यांची मोहरी कडेला, आपापल्या घराजवळ. आणि पंधरा-वीस चालींनी पाहावे तर मधले प्यादे गायब. कसे, ते कळायचे नाही. जिथे ते उभे होते तिथे बाईंचा घोडा बसलेला असायचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पायरीवर बसून भाकरी खात होत्या. मी शेजारी बसलो. सातव्या पटावरचा रविराज कडलगही तिथेच होता. हा सव्वीस वर्षांचा तरुण एका कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी मुलांचे वर्ग घेतो. पंधराशेच्या वर रेटिंग आहे त्याचे.

"बाई, शिकलात कोणाकडे?" मी विचारले.

त्यांनी सांगितले ते असे. वडील बन्सी लहामगे, त्या त्यांना दादा म्हणत, वनखात्याच्या लाकडाच्या डेपोवर रखवालदार. दुपारी काम नसे. गावातला एक शिंपी आणि ते कापडी पटावर खेळायचे. शिंपी वारला तेव्हा छबूबाई नऊ वर्षांच्या होत्या. गावात दुसरा खेळणारा नाही, म्हणून वडिलांनी मुलीला समोर बसवले. लग्नापर्यंत दोघे खेळले. नवरा नात्यातलाच, आडनाव तेच, एसटीत कंडक्टर. त्यांना खेळाची आवड नव्हती. त्यानंतर एकतीस वर्षे समोर कोणीच बसले नाही.

"एकतीस वर्षं काहीच नाही?"

"एकटी खेळायची की. माझं कटलरीचं दुकान हाय बाजारात. कंगवे, पिना, सुया, नाड्या, बटनं. गिऱ्हाईक नसलं की बटनांचा डाव मांडायचा. काळी बटनं एकीकडं, पांढरी एकीकडं. चार भोकांचा तो हत्ती, दोन भोकांचा उंट. कोटाचं बटन वजीर. वसतिगृहाच्या पोरी पिना घ्यायला आल्या, त्यांनी इचारलं हे काय. तिथनं सुरू झालं."

"आणि सहा वर्षांपूर्वी मालक गेल्यावर," त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "रविवार मोकळाच हुता."

रविराज म्हणाला, "पण आजी, तुम्ही मधली घरं का सोडता? पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय, मध्य धरा."

"धरते की मी."

"कुठं धरता? सगळे तुमच्या मध्ये येऊन बसतात."

"बसू द्यावं. आमच्या बाजारात चौकातली जागा असती ना, तिची पावती दुप्पट. अन् चारी अंगानं धक्के. माझ्या जागंवरनं चौकात कोन शिरलं, कोन निघालं, समदं दिसतं. चौकात बसनाऱ्याला पाठीमागचं दिसत न्हाई."

"म्हणजे मी उद्या चौकात बसलो तर?"

"तू बस ना बाबा निवांत. पावती फाडलीस तर बसायलाच पायजे."

आम्ही हसलो. पण मला पुरते पटले नव्हते. बाजार वेगळा, पट वेगळा. मी विचारले, "ते ठीक. पण आता नियमाने दोन घरं जाता येतं, तरी एकच का? एक चाल फुकट जाते."

त्यांनी जरा विचार केला. "एकदम दोन घरं गेलं की मागं कोन हाय ते बगायचं राहून जातं. एक घर गेलं, थांबलं, बगितलं. मग दुसरं."

"तोवर समोरचा दोन चाली पुढं जातो."

"जातो ना. अन् त्याला वाटतं, आपन लई पुढं आलो. दादा म्हनायचे, त्यो पुढं आल्याबिगर त्याच्या मागं जागा कशी व्हनार?"

हे रविराजनेही ऐकले. त्याने मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतले.

चौथा डाव बाई हरल्या, पाचवा जिंकल्या. पाच फेऱ्यांत अडीच गुण. शेवटच्या फेरीत फक्त अर्धा हवा होता, म्हणजे नुसती बरोबरी. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी आधी तेच नाव शोधले. पट क्रमांक एकोणीस. पांढरी मोहरी, रविराज कडलग. काळी, छबूबाई लहामगे. रविराजचे दोन डाव अनपेक्षित गेले होते, म्हणून तो इतका खाली आला होता.

प्रत्येकी तीस मिनिटे. घड्याळ सुरू झाले.

रविराजने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले. बाईंनी वजिरापुढचे एक घर. त्याने वजिरापुढचे दोन घरे. त्यांनी घोड्यापुढचे एक घर सरकवून उंटाला कोपऱ्यात जागा केली. त्याने उंटापुढचेही दोन घरे टाकले. आता त्याची तीन प्यादी खांद्याला खांदा लावून पटाच्या मधोमध उभी होती. एखाद्या पुस्तकात छापावे असे चित्र. त्याने बाईंकडे पाहून हळूच म्हटले, "आजी, बसलो चौकात."

"शांतता," भीमराज सर म्हणाले.

बाईंचा उंट कोपऱ्यातून तिरका त्या मधल्या घरांकडे पाहत होता. घोडा बाहेर आला, तोही मध्यात न जाता मध्यावर नजर ठेवून. मग किल्लेकोट. तो त्यांनी स्पर्धेआधीच्या आठवड्यात, शाळेत नवा खेळ पाहिलेल्या मुलींकडून शिकून घेतला होता, आणि तो करताना राजा आणि हत्ती कोणत्या हाताने हलवायचे याची खात्री करून घ्यायला त्या थांबल्या. मग उंटापुढचे प्यादे एक घर. इथे मी घड्याळ पाहिले. सात चालींत बाईंची अकरा मिनिटे गेली होती. रविराजची तीन.

मग मी पट सोडून त्यांच्याकडेच पाहू लागलो. त्या मोहऱ्यांकडे बघतच नव्हत्या. नजर त्या चार घरांवर, एकेका घरावर, क्रमाने. ओठ हलत होते. नंतर मी विचारले तेव्हा कळले की त्या मोजत होत्या, या घरावर त्याचे किती, माझे किती. चारही घरांचा असा हिशेब प्रत्येक चालीला नव्याने. मी आयुष्यभर आकडे मोजले आहेत. एवढ्या सावकाश मोजणारा माणूस मला आमच्या कचेरीत भेटला नाही.

रविराजला बसवेना. त्याने राजापुढचे प्यादे आणखी एक घर पुढे ढकलले आणि घोड्याला हुसकले. घोडा मागे गेला. वाटले, बाई दाबल्या गेल्या. मग त्यांनी एका प्याद्याची मारामारी केली, आणि उंटापुढचे प्यादे, जे आधी एकच घर गेले होते, ते आता दुसरे घर गेले. त्याच्या मधल्या प्याद्याला भिडले. त्याने ते मारले. इथे रविराजची भिंत फुटली. एकटे पुढे गेलेले ते राजापुढचे प्यादे आता मध्यात उघडे होते. त्यावर बाईंचा कोपऱ्यातला उंट, मागे गेलेला घोडा, आणि दुसऱ्या बाजूने आलेला दुसरा घोडा, असे तिघांचे लक्ष. त्याच्या मागे त्याचे कोणीच नव्हते, कारण सगळे पुढे आले होते.

सतराव्या चालीला ते प्यादे पडले. तिथे बाईंचा घोडा बसला. वजीर-वजिराची मारामारी झाली, आणि पुढच्या दहा चालींत रविराजचा एक हत्तीही गेला.

पण बाईंच्या घड्याळात सहा मिनिटे उरली होती, रविराजच्या सतरा.

पुढचे मी उभ्यानेच पाहिले. बाई बिनचूक खेळत होत्या, फक्त हळू. एकेक मोहरे मारले जात होते. शेवटी रविराजकडे राजा आणि कडेचे एक अडकलेले प्यादे उरले. बाईंकडे हत्ती, उंट आणि तीन प्यादी. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद. ते अडकलेले प्यादे त्यांच्या हत्तीच्या तोंडाशी होते. मारले की रविराजचा नुसता राजा.

त्यांनी ते मारले नाही. हत्ती त्याच्या शेजारून पुढे गेला. पुढच्या चालीला उंटाला ते मिळत होते, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा तर हत्ती त्याच रांगेत उभा होता. मी तोंडावर हात धरला होता, नाहीतर बोललो असतो. बाई आपले एक प्यादे पुढे नेत होत्या, एकेक घर.

घड्याळ शून्यावर आले. रविराजने भीमराज सरांकडे पाहिले.

सर आले, पट पाहिला, घड्याळ पाहिले. "वेळ संपली. पांढऱ्याचा डाव."

"मी तर जिंकत हुते," बाई म्हणाल्या. चिडून नव्हे, खरेच विचारत.

"हो. पण वेळ संपली. त्याच्याकडे एक जरी प्यादं असलं तरी त्याला मात करता येणं शक्य धरतात. नुसता राजा असता तर बरोबरी दिली असती."

"मंजी ते प्यादं मी मारलं असतं तर?"

"तर बरोबरी. अर्धा गुण."

बाई पटाकडे पाहत राहिल्या. ते प्यादे अजून तिथेच होते.

"आमच्यात बरोब्बर उलटं हाय," त्या म्हणाल्या. "समोरच्याचं समदं मारून राजा एकटा ठेवला की डाव बुर्जी झाला. मंजी जिंकनाराच फसला, डाव बरोबरीत. म्हनून एक प्यादं जपायचं. जिंकायचं तर त्याचं एक ठेवून, अन् आपल्या प्याद्यानं मात. दादा त्याला खरी मात म्हनायचे." मग म्हणाल्या, "चोपन्न वर्षं जपत आले ना."

रविराजचा चेहरा पडला होता. "आजी, मी डाव सोडायला हवा होता. हरलेलाच होतो. पण घड्याळ दिसत होतं."

"घड्याळ बी डावातच हाय बाबा. तुझं चुकलं न्हाई." मग त्यांनी मान वर केली. "चौकात कसं वाटलं?"

"वाईट," तो म्हणाला. "मागं कोणीच नव्हतं."

मी बाईंना बाजूला घेऊन सांगितले की पंचांच्या निर्णयावर अर्ज करता येतो. त्या नको म्हणाल्या. नियम सरांच्या बाजूला आहे, अर्ज काय करायचा? मलाही माहीत होते की अर्ज टिकला नसता.

२१ जानेवारीला मंडळाची बैठक झाली. मी विषय मांडला. दोन सदस्य म्हणाले, अडीचला तीन धरू, बाई जिंकतच होत्या. अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले, कारण नियम माझा. मी म्हणालो की नोंद अडीचची आहे, आणि अडीच म्हणजे तीन नव्हे. उद्या दुसरा कोणी सव्वादोन घेऊन येईल. सव्वा गुण बुद्धिबळात नसतो, हे बोलून झाल्यावर लक्षात आले, पण कोणी हसले नाही. पत्र नाकारण्याचा ठराव झाला. त्यावर मीच सही केली. मात्र मी एक गोष्ट विचारली, आणि ती इतिवृत्तात आहे: या बाईंचे डाव कोणी लिहून ठेवले आहेत का? कोणीच ठेवले नव्हते. जलद स्पर्धेत चाली लिहाव्या लागत नाहीत.

नकाराचे पत्र टपालाने पाठवता आले असते. मी महिन्याच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी राजूरला गेलो. छबूबाई चौकात शिरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ताडपत्रीवर दुकान मांडून बसल्या होत्या. पत्र त्यांनी वाचले, घडी घातली, बटणांच्या डब्याखाली ठेवले.

"मंजी या रविवारपासून बंद."

"हो. पुढची स्पर्धा पुढच्या जानेवारीत. तेव्हा तीन झाले की पत्र मिळेल."

"राजेश्वरी मॅडमला सांगते मी. तुमी नका सांगू, त्यांना वाईट वाटंल."

एका बाईने पिनांचे पान घेतले, पैसे दिले, गेली. छबूबाईंनी ताडपत्रीवर सांडलेली बटणे गोळा केली आणि विचारले, "भाऊसाहेब, अजून कुठं कुठं उलटं हाय? एकदाच सांगून टाका. राजाची उडी कळली, घड्याळ कळलं, बुर्जी कळली. प्यादं शेवटच्या घरात गेलं की काय व्हतं तुमच्यात?"

"हवं ते मोहरं होतं. वजीरसुद्धा."

"कुठल्याबी घरात?"

"कुठल्याही."

"आमच्यात ज्या मोहऱ्याचं घर, तेच व्हतं," त्या म्हणाल्या, आणि हातातली बटणे ताडपत्रीवर एका रांगेत मांडली. मग म्हणाल्या, "मंजी शेवटी त्यानं घोड्यापुढलं प्यादं जरी पुढं काढलं, तरी त्याचा वजीर व्हनार. मग मधलं सोडून कडंचं बी मोजायला पायजे. मला लई येळ लागनार की."

पिशवीत मंडळाने छापलेल्या नियमांच्या मराठी पुस्तिकेच्या काही प्रती होत्या. त्यांनी एक मागितली. किंमत साठ रुपये. त्यांच्याकडे सुटे चाळीस होते, आणि रेंज नसल्याने मोबाईलवरून पैसे येईनात.

पुस्तिका दिली. चाळीस रुपये जमा. वीस रुपये येणे बाकी.